कोणाकडे शिकलात?

४ फेब्रुवारी, मंगळवार

फॉर्म दिलाय. सव्वीस वर्षांनी फॉर्म!

नृत्यशाळेचा नवा मॅनेजर आधी चष्म्याची दुकानं सांभाळायचा. एक-दोन नाही, बावीस. म्हणून आम्ही त्याचं नाव चष्मेवाला ठेवलंय. स्वतःला चष्मा नाही. माणूस वाईट नाही — दार उघडून धरतो, आवाज चढवत नाही.

फॉर्मवर रकाने आहेत. काय शिकवता. कोणाकडे शिकलात. किती वर्षं. शिकवण्याचा अनुभव. प्रमाणपत्रं (जोडावीत). जिन्यात प्रत्येक शिक्षकाचा फोटो लागणार आणि खाली ही सगळी माहिती. ‘पालक विचारतात हो, मॅडम. मुलीला कोणाच्या हाती सोपवतोय, हे त्यांना कळायला नको?’

कळायला हवंच. मी काय बोलणार!

जुन्या मालकीणबाईंनी मला घेतलं तेव्हा दोनच प्रश्न विचारले होते. ‘कोणाकडे शिकलीस?’ आणि ‘उद्यापासून येशील?’ त्यातल्या दुसऱ्याचं उत्तर मी खरं दिलं होतं.

५ फेब्रुवारी, बुधवार

फॉर्म भरला. ‘थोरल्या गुरुजींकडे आठ वर्षं.’ हे वाक्य इतक्यांदा बोलून झालंय की पेनसुद्धा अडखळलं नाही. प्रमाणपत्राच्या रकान्यात — ‘घर बदलताना गहाळ.’

इथे तरी खोटं कशाला लिहू. गुरुजींच्या वर्गात मी एकदाही पाऊल टाकलेलं नाही. ताई जायची. आई अंथरुणाला खिळलेली, एकीला घरी थांबणं भाग होतं, आणि बाबांनी ठरवलं — मोठी जाईल. त्यासाठी ते काकांशी भांडले होते. ‘माझी मुलगी नाचेल, तुमच्या पोटात का दुखतं?’ असं अख्ख्या घरादेखत.

ताई संध्याकाळी वर्गाला जाऊन यायची. जेवणं उरकली, ओटा पुसून झाला, की मला स्वयंपाकघरात उभं करायची. शेगडी आणि पाण्याचं पिंप, यांच्यामधली जागा. चार पावलं इकडे, चार तिकडे. आईची झोप मोडू नये म्हणून पायाखाली जुनी सतरंजी. अशी आठ वर्षं.

मग तिचं लग्न झालं. विमा कचेरीत नोकरी लागली. ती पुन्हा कधी नाचली नाही. मी थांबले नाही, एवढाच फरक.

गुरुजींचं नाव सांगून नोकरी मिळवली, हे तिला तेव्हाच सांगितलं होतं. ती कपडे वाळत घालत होती. वळलीही नाही. ‘सांग की. कोण विचारायला जातंय!’

गुरुजी जाऊन आता बारा वर्षं झाली. झाकली मूठ सव्वा लाखाची.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

कर्नलांचा फॉर्म पाहिला. ते कर्नल वगैरे काही नाहीत, शाळेत कवायत शिकवायचे. पाठ अशी ताठ की नाव पडलं. निवृत्त नवरा-बायकोंना जोडीने नाचायला शिकवतात. शनिवार-रविवार, नऊ जोडपी.

कोणाकडे शिकलात — ‘पत्नीकडे.’ किती वर्षं — ‘एकतीस. ती गेली, शिक्षण अपुरं राहिलं.’ आणि प्रमाणपत्र म्हणून विवाहनोंदणीच्या दाखल्याची झेरॉक्स!

चष्मेवाल्याला वाटलं, चुकून लागली. परत द्यायला गेला. कर्नल म्हणाले, ‘चूक नाही ती. दुसरं माझ्याकडे काहीच नाही.’ मग फाइल उघडून त्याने ती पुन्हा नीट लावली.

१० फेब्रुवारी, सोमवार

गुडघा. बर्फ. तरी तीन वर्ग घेतले.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

निकाल लागला म्हणायचा. प्रमाणपत्र नाही, कुणा जाणत्या गुरूचं नाव नाही, तर तो ‘सहायक’. आणि सहायकाकडे मोठ्या मुलामुलींचा वर्ग किंवा स्पर्धेचा गट द्यायचा नाही. वरून नियम आलाय. कर्नलांकडे यातलं काहीच नाही, त्यांना सुखदुःख नाही. फटका बसला स्प्रिंगला.

स्प्रिंग चोवीस वर्षांचा. जमिनीवर टिकतच नाही, म्हणून स्प्रिंग. आधी पेट्रोल पंपावर होता. दोन गाड्यांच्या मधल्या वेळात मोबाइलवर बघून शिकला. फॉर्मवर त्याने तेच लिहिलं. ‘कोणाकडे शिकलात — मोबाइलकडे. रोज, पाच वर्षं.’ त्याचा स्पर्धेचा गट काढून घेतला. दोन वर्षं राबून त्याने तो उभा केला होता.

चहाच्या टेबलाशी बसला होता, कप न उचलता. ‘मॅडम, मीही कुणाचं तरी नाव ठोकून द्यायला हवं होतं ना?’

‘असं करू नये,’ मी म्हणाले. मी!

‘तुमचं बरंय. तुमच्यामागे गुरुजी आहेत.’

मी मान हलवली. चहा प्यायले. कप विसळून ठेवला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

काही लिहिण्यासारखं नाही. मोठ्या वर्गात दोघी गैरहजर.

१६ फेब्रुवारी, रविवार

कपाट आवरायला काढलं. मनात दुसरंच. त्या पोराने खरं लिहिलं आणि त्याचा वर्ग गेला. मी खोटं लिहिलं आणि माझा राहिला. हिशोब इतका सरळ आहे की त्यात विचार करण्यासारखं काही नाही. तरी करतेय.

आणि दुसरी गोष्ट, तीही लिहून टाकते. सव्वीस वर्षं मी ज्या माणसाचं नाव घेतलं त्याने मला कधी पाहिलं नाही. जिने शिकवलं तिचं नाव एकदाही घेतलं नाही. वार्षिक कार्यक्रमात दर वर्षी ताई चौथ्या-पाचव्या रांगेत असायची. मी व्यासपीठावरून गुरुजींना वंदन करायचे, ती टाळ्या वाजवायची.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सांगून आले.

चष्मेवाल्याने सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदा पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. माझा घसा अजिबात कोरडा पडला नव्हता. मग म्हणाला, ‘मॅडम, हे मला कशाला सांगितलंत? मला कधी कळलंच नसतं.’

‘म्हणूनच सांगितलं.’

‘मग मला नियम लावावा लागेल.’

‘लावा.’

‘मोठा वर्ग—’

‘कळलं हो मला. लिहा, सहायक.’

त्याने फॉर्म पुढे ओढला. मग विचारतो, ‘बहिणीचं नाव घालायचं की नुसतं बहीण?’ म्हटलं, मोठी बहीण. नावाचा तिला संकोच वाटेल.

जिना उतरताना गुडघा दुखला नाही. त्याचा याच्याशी काही संबंध नसावा.

१९ फेब्रुवारी, बुधवार

स्प्रिंगला कुणीतरी सांगितलं. आला आणि माझ्या वर्गातले आरसे पुसून गेला. बरे पुसले.

२४ फेब्रुवारी, सोमवार

मोठ्या वर्गाचा निरोप. अकरा मुली. मी म्हटलं, एक तारखेपासून नव्या बाई येतील, खूप शिकलेल्या आहेत. एकीने विचारलं, ‘तुम्ही नापास झालात का?’ बाकीच्या तिला चिमटे काढायला लागल्या. मी म्हटलं, साधारण तसंच.

मला वाटलं होतं रडू येईल. नाही आलं. हजेरीपट कार्यालयात दिला आणि सही घेतली.

१ मार्च, शनिवार

फलक लागले. माझा फोटो बरा आलाय, मान जरा वाकडी. खाली — ‘सहायक शिक्षिका. शिक्षण : मोठ्या बहिणीकडे, आठ वर्षं. अनुभव : सव्वीस वर्षं.’ शेजारी कर्नल. पलीकडे स्प्रिंग, त्याचा फोटो हललेला.

ताईला मुद्दाम बोलावलं होतं. कशासाठी ते सांगितलं नव्हतं. जिन्यात उभं केलं आणि म्हटलं, वाच.

तिने वाचलं. पर्समधून चष्मा काढून पुन्हा वाचलं. मी आपली बाजूला उभी — आता काय म्हणते, आता काय म्हणते!

‘हे कुणी करायला सांगितलं तुला?’

‘कुणी नाही. खरं आहे म्हणून केलं.’

‘आणि वर्ग?’

‘गेला.’

ती कठडा धरून उभी राहिली. वर छोट्यांचा वर्ग होता, मी म्हटलं, चल बघ तरी. काचेतून बघितलं तिने. पोरी पहिली रचना करत होत्या. ताईची बोटं पदराआड हलत होती, मोजत असावी. अर्ध्यावरच म्हणाली, निघते. चहासुद्धा घेतला नाही.

एवढं सगळं केलं आणि हिच्या तोंडावर आनंदाची रेघ नाही! राग आला. लिहून ठेवते — राग आला.

५ मार्च, बुधवार

नव्या बाई भेटल्या. तिशीच्या असतील. त्या खरोखर गुरुजींकडे शिकलेल्या. सहा वर्षं तिथे, प्रमाणपत्र सोनेरी चौकटीत. मोठ्या मुलींनी त्यांना आतापर्यंत शिकलेलं सगळं करून दाखवलं. मला मुद्दाम बोलावलं होतं, काही अडलं तर सांगायला.

बाई हाताची घडी घालून बघत होत्या. पहिल्या दोन रचनांना मान डोलावली. तिसरीला थांबल्या.

मुली गेल्यावर म्हणाल्या, ‘पहिल्या दोन आमच्याच आहेत. पण पुढच्या एकवीस? त्या आमच्याकडे नाहीत. कधीच नव्हत्या. कुठून आणल्यात?’

‘गुरुजींच्याच आहेत त्या. माझी बहीण आठ वर्षं—’

‘मॅडम, गुरुजींच्या सगळ्या रचना माझ्या वहीत आहेत. ह्या त्यात नाहीत.’ उर्मटपणाने नाही म्हणाल्या. उलट जरा दबूनच. ‘मला शिकवाल का?’

सहा वर्षं शिकली आणि हिला सगळं ठाऊक! नाचता येईना, अंगण वाकडं. हसून वेळ मारून नेली.

६ मार्च, गुरुवार

ताईला फोन केला. सगळं सांगितलं, नव्या बाईंची नक्कलसुद्धा करून दाखवली. म्हटलं, तू एकदा येऊन तिला सांग बाई, गुरुजी कधी काय शिकवायचे ते.

ती एवढंच म्हणाली, ‘रविवारी येते.’

८ मार्च, शनिवार

कर्नलांच्या वर्गात एक आजोबा बायकोच्या पायावर चढले. बर्फ माझाच दिला.

९ मार्च, रविवार

ताई येऊन गेली. बसली नाही, चप्पल घालूनच बोलली. गुरुजींनी तिला दुसऱ्याच वर्षी काढून टाकलं होतं. ‘हिच्या अंगात ताल नाही’ — सगळ्या वर्गासमोर. काकांशी भांडलेल्या बाबांना हे सांगायची तिची छाती झाली नाही. पुढची सहा-सात वर्षं रोज संध्याकाळी ती वाचनालयात जाऊन बसायची आणि वर्ग सुटायच्या वेळी घरी यायची.

‘मग मला काय शिकवलंस?’

‘तू दारात उभी असायचीस. आज काय झालं, आज काय झालं, म्हणून पदर ओढायचीस. काय सांगणार होते? येता येता रस्त्यात काहीतरी जुळवायचे.’

मीच बसले. विचारलं, मोठ्या मुलींना सगळ्यांत शेवटी देते ती लांबलचक रचना — जिच्यासाठी लोक उभे राहून टाळ्या वाजवतात — ती कुठली?

‘ती होय,’ ताई म्हणाली. ‘त्या दिवशी बस चुकली होती. चालत आले.’