पाचच्या बटणावरचा ठिपका

मंगळवार, संध्याकाळ. सोलापूर.

आईसाठी नवा फोन आणला. केवढा मोठा स्क्रीन, कडा वळलेल्या, पाठही काचेची. दुकानात वाटलं, एवढ्या उजेडात तिला थोडं तरी दिसेल. काही दिसत नाही. डोळे गेले ते गेलेच, हे मीच अजून मानत नाही का?

जुन्या फोनच्या पाचवर उंच ठिपका होता. तो अंगठ्यानं चाचपून ती सांगोल्याहून रोज मला फोन लावायची. तो फोन पाण्याच्या टाकीत पडला आणि संपला. बटणांचे नवे फोनही पाहिले, त्यांची बटणं सपाट. आज ती काचेवर किती वेळ अंगठा फिरवत होती. "बटणं कुटं हायती गं? सगळं गुळगुळीतच हाय की."

बोलून फोन लावायला शिकवलं, तर फोनला तिची बोली कळेना. शेवटी तिनं कपाळावरची टिकली काढून दिली. "पाचवर लाव." लावली. एकदा जमलंही. मग तळवा त्या वळलेल्या कडेला लागला, आकडे गेले आणि भलतंच काही उघडलं. ती टिकली दाबत राहिली. टिकलीखाली आता पाच नव्हताच. हे तिला कसं सांगायचं?

उद्या ती परत जाईल. तिथं एकटीच असते.

आत्ता चहा घेऊन गेले, तर तिच्या हातात तो बंद पडलेला जुना फोन. ठिपका चाचपून माझा नंबर दाबत होती, एकही आकडा न चुकता.

"हे बघ, मला येतंय की," म्हणाली.