मागून हाक

प्रिय ताई,

तुझं ते आयर्लंडचं बातमीपत्र अजून येतं मला. तूच माझा ईमेल त्यात घालून ठेवला होतास, "जुई, जरा ज्ञान वाढव" म्हणत. कुठे चित्रांचं प्रदर्शन, कुठल्या लायब्ररीत गोष्टींचा तास, मुलांच्या कुठल्या पुस्तकाला काय बक्षीस. मी न वाचता डिलीट करायचे. या महिन्याचं वाचलं, कारण उघडल्या उघडल्या तुझा बगळा दिसला. लाल मोजे घातलेला! तुझं पुस्तक बक्षिसाच्या शेवटच्या यादीत आलंय गं. आणि तुझ्या नावाखाली बारीक अक्षरात लिहिलंय की चित्रकार आता हयात नाही.

पण मी लिहितेय ते बक्षिसासाठी नाही. गेल्या शुक्रवारी आपल्या स्वयंपाकघरात जे झालं, ते तुला सोडून सांगू कोणाला?

आधी इकडचं ऐक. तुझी शोकसभा इथे न्यूयॉर्कजवळच्या आपल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये झाली. देशमुख काका बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, "केतकी डब्लिनला एवढ्या मोठ्या टेक कंपनीत, एवढ्या मोठ्या पोझिशनवर होती." सगळ्यांनी माना हलवल्या. ती नोकरी तू कधीच सोडली होतीस, ताई! पण बाबांनी इथे कोणालाच सांगितलं नव्हतं. सहा पुस्तकं काढलीस आणि त्या हॉलमध्ये एकाचंही नाव निघालं नाही. मी बाबांकडे बघितलं. ते चपलांकडे बघत होते. मला इतका संताप आला की मी बाहेर जाऊन गाडीत बसले.

"लहान पोरांची चित्रं काढायला कॉम्प्युटर सायन्स केलंस का?" एवढं एक वाक्य बोलून त्यांनी तुझ्याशी बोलणं टाकलं होतं. फोन आला की "थांब, आईला देतो." तूही काय कमी हट्टी! दुखणं कळल्यावर तरी सांगायचंस ना? "आधी पुस्तकाची चित्रं देऊन टाकते, मग सांगते" म्हणे. चित्रं दिलीस, आणि आम्ही तिकडे पोचलो तेव्हा तू डोळे उघडत नव्हतीस. बाबा पलंगापाशी आलेच नाहीत. खिडकीकडे तोंड करून उभे राहिले ते शेवटपर्यंत. याबद्दल मी तुमच्या दोघांवर रागावलेय, आणि तो राग जाईल असं मला वाटत नाही.

तर शुक्रवार. बक्षीस मुलंच ठरवतात म्हणे तिकडे. शाळाशाळांतून गट करतात, पुस्तकं वाचतात, भांडतात, मार्क देतात. समुद्राकाठच्या एका छोट्या गावातल्या शाळेने कळवलं की मुलांना चित्रकाराच्या घरच्यांशी बोलायचंय, व्हिडिओवर. त्यांची दुपार, आपली सकाळ. मी वर्क फ्रॉम होम घेतलं आणि आईकडे आले. आई माझ्या शेजारी बसली, तुझं पुस्तक मांडीवर घेऊन. बाबा म्हणाले, "तुम्ही बोला. मला वॉकला जायचंय."

मेव्ह नावाच्या बाई होत्या, त्यांच्या लायब्रेरियन. मागे वीसेक पोरं, सगळ्यांचे गाल लाल. ती तुला 'केटकी' म्हणतात. एका मुलीने विचारलं, "केटकीने प्रत्येक पानावर लपवलेला माणूस कोण आहे?"

मी म्हटलं, कुठला माणूस?

सगळा वर्ग हसला मला! अगं, शंभर वेळा ते पुस्तक चाळलंय मी. बगळ्याला थंडी वाजते, अख्खं गाव त्याच्यासाठी मोजे विणतं, एवढंच बघत होते. त्या मुलीने पान कॅमेऱ्यासमोर धरलं आणि बोट ठेवलं. बेकरीच्या मागे, होडीच्या आड, चर्चच्या भिंतीपाशी. एवढासा, पाठमोरा. तपकिरी कॉड्रॉयचं जॅकेट, हातात निळी डब्याची पिशवी.

आईने तोंडावर पदर धरल्यासारखी ओढणी धरली.

तुला लहानपणची ती सकाळ आठवत असेलच. बाबा तेच जॅकेट घालून, तीच पिशवी घेऊन न्यूयॉर्कच्या बसला निघाले होते, आणि तू खिडकी उघडून ओरडलीस, "बाबाऽ, टाटा!" मागून हाक मारली म्हणून ते परत आले, बूट काढले, दोन मिनिटं बसले, पाणी प्यायले, मग निघाले. बस गेली. आईने तुला धपाटा घातला. "जाणाऱ्याला मागून हाक मारू नये, कितीदा सांगायचं?" तेव्हापासून तू नुसती खिडकीशी उभी राहायचीस, ओठ मिटून, ते कोपऱ्यावर वळेपर्यंत. एकदाही मागे बघितलं नाही त्यांनी.

एक मुलगा म्हणाला, "शेवटच्या पानावर तो वळलाय. पण त्याला चेहराच नाहीये. ती काढायला विसरली."

पहिली मुलगी त्याच्यावर डाफरली. "विसरली नाही काही. त्याचा चेहरा कसा होईल, हे तिला माहीत नव्हतं."

मेव्हबाईंनी "थँक यू" म्हणत विषय बदलायला घेतला. तेवढ्यात माझ्या मागून बाबा निघाले. तेच जॅकेट अंगात. आता कोपरांना झिजलंय, पण वॉकला तेच लागतं. त्यांनी दाराला हात लावला मात्र, आणि लॅपटॉपमधून अख्खा वर्ग किंचाळला.

"तोच! तोच माणूस! मिस्टर! हॅलो! मिस्टर!"

मागून हाक, ताई. आयर्लंडमधून, वीस पोरांची.

बाबा थांबले. मला वाटलं, आता दार उघडून सरळ जातील. आई हळूच म्हणाली, "अहो." आणि ते वळले.

त्यांचा चेहरा कसा होता, तुला सांगायलाच हे पत्र लिहितेय. ते चिडलेले नव्हते. सगळा चेहरा ओला होता, चष्म्याखालून पाणी हनुवटीपर्यंत आलं होतं. माझ्या मागे उभे राहून सगळं ऐकत होते, कधीपासून कोण जाणे. मग ती मुलगी दबक्या आवाजात म्हणाली, "हॅलो, केटकीज् डॅड."

"येस," बाबा म्हणाले. "आय अॅम."

ते परत आले, बूट काढले, खुर्चीवर बसले. आईने सवयीने पाणी दिलं. पण प्यायल्यावर ते उठले नाहीत. पुस्तक मागून घेतलं आणि शेवटच्या पानावरच्या त्या कोऱ्या गोलावर अंगठा ठेवून बसले. म्हणाले, "चष्मा तरी दाखवायचा होता तिने." आणि मग असे रडले, ताई, की मला तिथे बसवेना.

मला बरं वाटलं असं तुला वाटेल. नाही वाटलं. तू जिवंत असताना हे पाच मिनिटांचं काम होतं! एक फोन उचलायचा, "केतकी" म्हणायचं. त्यांनी नाही केलं, तूही नाही केलंस. पाठमोऱ्या माणसाला हाक मारू नये म्हणे. कोणाचं काय बिघडलं असतं गं?

आता बाबा रोज तुझा फोटो पुसतात. पण मंडळात काही बोललेले नाहीत अजून, आणि बोलतील याची मी खात्री देणार नाही. त्यांचं वचन मी कसं देऊ?

माझं देते. पुढच्या महिन्यात तुझं वर्षश्राद्ध आहे. देशमुख काका येतील, सगळे येतील. फोटोशेजारी तुझी सहाही पुस्तकं ठेवीन. आणि कोणी म्हणालं, "डब्लिनला कुठल्या कंपनीत होती हो केतकी?" तर बाबा तिथे बसलेले असतानाच, मोठ्याने सांगीन: "कंपनीत नव्हती. माझी ताई बगळ्यांना मोजे घालायची."

तुझी,
जुई