एकशे अठरा मिलिमीटर

मी, पुंजाजी कचरू अवसरमोल, वय ७४, निवृत्त कोतवाल, राहणार बीबीजवळची वस्ती, ता. लोणार, जि. बुलढाणा, पूर्ण शुद्धीत आणि पूर्ण रागात, चष्मा लावून, स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहितो. राग आला म्हणून बुद्धी गेली होती, असे उद्या कोर्टात कोणी म्हणू नये.

१. राहते घर पत्नी सिंधूताई हिच्या हयातीपर्यंत तिचे. नंतर मुलगा चंद्रशेखर आणि मुलगी समता यांचे निम्मे-निम्मे.

२. लिलावात घेतलेला जुना पर्जन्यमापक, काचेचे मोजपात्र व एकतीस वर्षांच्या नोंदवह्या समताला. रोज सकाळी साडेआठला मी पाऊस मोजला, अंगात ताप असतानाही. समता शाळेत विज्ञान शिकवते. तिने मुलांना सांगावे, की विज्ञान म्हणजे रोज उठून स्वतः पाहायला जाणे.

३. अंगणातला कडुनिंब चंद्रशेखरला. त्याखालचे पाऊस मोजायचे यंत्र त्याच्या कंपनीचे आहे, नाहीतर तेही त्याच्याच गळ्यात बांधले असते. नियम मोकळ्या जागेचा. याने बसवले झाडाखाली, का तर तिथे रेंज येते आणि बकऱ्या येत नाहीत. बोललो तर म्हणे, "बाबा, मशीन खोटं नाई बोलत." पाल्याने तोंड बुजलेले यंत्र कशाला खोटे बोलेल? त्याच्या नावाने खोटे बोलायला पगारी माणसे आहेत.

४. नाल्याकाठची माझी स्वकष्टाची एक एकर जमीन शेजारीण जमीला शेख हिला. गेल्या सप्टेंबरात एका दिवसाच्या पावसात तिचे शेत मातीसकट वाहून गेले. पासष्ट मिलिमीटरच्या वर पडला तरच अतिवृष्टी धरून भरपाई देतात, आणि आकडा धरतात त्याच यंत्राचा. यंत्राने अकरा दाखवला. पंचनाम्याला आलेले साहेब गुडघाभर खड्ड्यात उभे राहून, मोबाइल पाहत म्हणाले, "पाऊसच नाही, तर शेत वाहिलं कसं?"

जमीला माझ्याकडे वळली. "पुंजाजीभाऊ, तुमी तं रोज मोजता. सांगा ना सायबाले."

वही माझ्या काखेत होती. तीत माझ्याच अक्षरात ११८ लिहिले होते. चंद्रशेखर साहेबांमागे उभा होता, आणि यंत्र चुकले म्हटले तर त्याची नोकरी जाणार होती.

मी म्हणालो, "मशीनलेच माहीत."

५. वरील जमिनीस कोणी हरकत घेऊ नये. जमीलाने नको म्हटले तरी सातबारा तिच्याच नावे करावा. हे दान नाही, तिने आभार मानू नयेत. त्या दिवसानंतरही ती मला भाऊच म्हणते, आणि मला तोंड वर करून ओ देता येत नाही.

वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली. चंद्रशेखरला मुद्दाम बोलावले नाही.

पुंजाजी कचरू अवसरमोल (सही)

साक्षीदार:
१. नागसेन धम्मरत्न मोरे (सही)
२. किसनराव सखाराम चव्हाण (सही)

ठिकाण: बीबी
दिनांक: १२ जानेवारी २०२५