नकाशात शाळा नाही

ता. धानोरा, शनिवार

आदरणीय देवराव मामांना अश्वजितचा सप्रेम जय भीम. गुडघा कसा आहे? मामींनी आणलेलं तेल लावता, की नुसतं उशाशी ठेवता? आईची तब्येत मी तिच्या फोनवरच्या आवाजावरून ओळखतो, आणि परवाचा आवाज अगदी ठणठणीत होता. घराजवळ, आपल्या कोरपन्याकडे बदली मिळावी म्हणून ऑनलाइन अर्ज भरला का, हे तुम्ही चारदा विचारलंत. (इथे रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर चढलं की येते, आणि टाकीला लटकून वडीलधाऱ्यांशी नीट बोलता येत नाही.) म्हणून हे पत्र. अर्जाचं सांगतोच, आधी शाळेचं ऐका.

या आठवड्यात तिसरी-चौथीला नकाशा शिकवतो आहे. पोरं अकरा. सोमवारी मी फळ्यावर शाळा, हातपंप, ग्रामपंचायत, डांबरी रस्ता असा सुबक नकाशा काढला, दोन पावलं मागे सरकून स्वतःच त्याचं कौतुक केलं आणि म्हणालो, आता गावाचा नकाशा तुम्ही काढा. मंगळवारी पोरांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर काढून आणला. झाडंच झाडं! मोहाची सदतीस, आणि प्रत्येकाखाली एकेका घराचं नाव. (इथे मोहाची झाडं पिढ्यान्‌पिढ्या घराघरांत वाटलेली आहेत. दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कोणी उचलत नाही.) रस्ता नाही, पंचायत नाही, शाळासुद्धा नाही! मी तापलोच. तेव्हा चौथीतला आदेश शांतपणे म्हणाला, "शाळा तं दिसतेच ना, सर. जे शोधा लागते, तेच काढलं." मामा, मी डी.एड.ला दोन वर्षं घासली, पण हे मला तिथे कोणी सांगितलं नव्हतं.

तरी माझी खुमखुमी जिरली नव्हती. बुधवारी नकाशा तपासायला सगळ्यांना जंगलात नेलं. पुढे मी, हातात मोबाइलमधलं होकायंत्र, तोंडाने पूर्व-पश्चिम चालू. तासाभराने एक नाला लागला. त्यावर मी पाच मिनिटं बोललो. आणखी तासाभराने दुसरा नाला लागला, त्यावरही बोललो. मग तिसरीतली रंजीता (उंची माझ्या कमरेएवढी) हळूच म्हणाली, "सर, हा मुखरू आजाचा मोह. आपण मघाशी इथीच आलो होतो." मी विचारलं, मग तेव्हाच का नाही सांगितलं? "तुमी दिशा शिकवून राह्यले होते. मधात कसं बोलाव?" त्यानंतर ती पुढे आणि मी शेवटी. कोणाचं झाड कुठलं, हे सांगत तिने वीस मिनिटांत शाळेत आणून सोडलं. एकही पोर हसलं नाही, मामा. (माझ्यासमोर तरी.)

शुक्रवारी नकाशा पक्का करून भिंतीवर लावला. बघतो तर शाळेच्या मागे एक नवं झाड, आणि त्याखाली लिहिलेलं: सर. झाड खरंच तिथे आहे, वर्षानुवर्षं बेवारस. पोरांनी ठरवलं, मुखरू आजाने गावाच्या बैठकीत विचारलं आणि सगळे हो म्हणाले. आजा स्वतः टोपली घेऊन आला. "सकारी उठून येचा लागते, सर, नाई तं ढोरं खातेत," एवढंच बोलला. डोळ्यांत पाणी आलं ते धुराने, असं पोरांना सांगितलं. (धूर कुठेच नव्हता.) माझ्या नावावर आजवर एक मोटारसायकल होती, तीही हप्त्यांवर. आज पहाटे अर्धी टोपली फुलं वेचली. कंबर धरली आहे.

मामींना आणि सगळ्यांना जय भीम.

तुमचा भाचा,
अश्वजित

ता. क. : अर्ज भरलेला नाही. आई फक्त तुमचंच ऐकते, तेव्हा हे तिला तुम्ही सांगा. जेवण झाल्यावर सांगा.

ता. क. २ : हे वाचून तुम्ही चिडाल आणि तालुक्याला येऊन मला हाताला धरून अर्ज भरायला लावाल, हे मला ठाऊक आहे. शेवटची तारीख काल होती. पत्र म्हणूनच आज टाकतो आहे.