दोन नंबरचं फाटक

प्रिय चिमणे,

आज दोन नंबरच्या फाटकातून आत जाताना माझ्याकडे बघितलं नाहीस, ते बरंच केलंस. आम्ही इमारतीभोवती परांची बांधणारे एक नंबरवर संपाचे बोर्ड धरून उभे, आणि संपवाल्याशी बोलताना दिसलीस तर तुझा रंगाचा ठेकेदार तुला घरी बसवायचा. म्हणूनच तर तू आत्याकडे राहायला गेलीस. पण रंगाचा डबा डाव्या हातात होता, म्हणजे उजवा खांदा अजून दुखतोय. आत्याकडून शेकून घे.

इकडे उभं राहून पाय भरून येतात, बाकी ठीक. संघटनेच्या वकीलबाईंनी तंबी दिलीय: कोर्टाचा हुकूम आहे, भांडण परांचीच्या ठेकेदाराशी, तर त्याच्याच, म्हणजे एक नंबरच्या फाटकावर उभं राहायचं; दोन नंबर बाकीच्या ठेकेदारांचं. आपला एकजण जरी दोन नंबरवर दिसला, तर अख्खा संप बेकायदा ठरेल. आमच्यातला मिशाळ म्हणाला, आता शिंकायचं तरी कुठल्या फाटकावर ते विचारून घ्या. सगळे हसले. मला हसू आलं नाही.

मला भीती वाटतेय, पोरी. आमच्या जागी आणलेल्या नवख्यांनी खिडक्या बसवता याव्यात म्हणून मागच्या बाजूची परांची भिंतीला धरून ठेवणारे पाइप काढले, ते परत लावलेच नाहीत. वारा आला की हिरवी जाळी फुगते आणि सगळा सांगाडा भिंतीपासून सुटतो, परत टेकतो. रस्त्यावरून दिसतं. साइटवरच्या साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, संपवाले दुसरं काय सांगणार? सरकारी तपासनीस नुसतं 'बघतो' म्हणाले. आणि तुला फोन केला, तर तूही हसलीस, मला संपात ओढायचा हा नवा डाव का म्हणून.

लहानपणी माझ्या खांद्यावर बसून तू दिवा बदलायचीस. मी मुद्दाम हलायचो, तू माझे केस धरून किंचाळायचीस. तुझी आई दोघांनाही ओरडायची.

उद्या तुमची माणसं मागच्या बाजूला चढणार, असं आत्याकडून कळलं, म्हणून हे पत्र तिच्याच हाती देतोय. चढू नकोस. संपात येऊ नकोस, जन्मभर माझ्याशी बोलू नकोस, पण चढू नकोस. तरीही विश्वास बसला नाही, तर सकाळी दोन नंबरवर मी आडवा उभा असेन, बोर्ड न घेता. बाकीच्यांवर खापर फुटू नये म्हणून संघटनेचा राजीनामा आजच देऊन टाकलाय. पोलीस मला उचलून नेतील, नेऊ देत. गाडीत बसताना मी मान वर करून बघणार आहे. तिथं वर तू दिसू नकोस.

तुझाच, खाली उभा असलेला
बाबा