चार परस पाणी

आबा,

तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली आणि मी अजून तुमच्यावर चिडलेलीच आहे. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये असं आई म्हणायची. पण आता आईही गेली, आणि मला गप्प करणारं घरात कुणी उरलं नाही. म्हणून आज सगळं लिहून टाकते. तुम्हाला सही आणि दोन शब्द सोडून काही लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यामुळे तुम्ही असतात तरी हे पत्र मलाच वाचून दाखवावं लागलं असतं. आणि तुमच्या तोंडावर एवढं बोलायची माझी छाती झाली नसती, हेही खरंच आहे.

डोह मला अजून जसाच्या तसा दिसतो. आपल्या वस्तीखाली मांजरा वळण घेते, तिथं काळ्या खडकाच्या पोटात तो आहे. फाल्गुनात नदीची नुसती वाळू होते, चैत्रात पोरं पात्रात क्रिकेट खेळतात, पण डोह हटत नाही. तुम्ही दर होळीनंतर गुळाच्या जुन्या काहिलीत नावेसारखे बसून मध्यावर जाता, बांबू उभा बुडवता, ओला झालेला भाग हातानं मापता आणि काठावर आलात की सांगता, "चार परस." परस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला माणूस बुडेल एवढं पाणी, हे मी मोजमापाच्या पुस्तकात नाही, तुमच्याकडून शिकले. डोह साती आसरांचा, पाण्यातल्या देवींचा. तिथं जाळं टाकायचं नाही. वस्तीतली अकराच्या अकरा घरं हा नियम पाळायची, घरात चूल पेटलेली नसली तरी. लहानपणी मला ते देवाचं भय वाटायचं. मग तुम्हीच एकदा जाळं विणता विणता सांगितलंत की उन्हाळ्यात नदीतली सगळी मरळ, सगळा शिंगाडा मासा तिथंच येऊन दडतो आणि नदीला पाणी आलं की तिथूनच वर चढतो. तिथं हात घातला तर पुढच्या वर्षी नदी रिकामी. म्हणून बाहेरच्या माणसाला डोह दाखवायचाच नाही. तलावातल्या मासेमारीचा ठेकेदार दोनदा विचारून गेला, तेव्हा तुम्ही त्याला भलतीकडेच गुडघाभर पाण्यात उभं करून आलात आणि घरी येऊन पोट धरून हसलात.

एवढे हुशार तुम्ही. मग त्या साहेबाला कसे भुललात?

वैशाख होता. अकरावीची परीक्षा संपवून मी घरी होते. तालुक्याच्या गावाला पाणी द्यायचं म्हणून पाणीखात्याचा तो साहेब नदीकाठानं जागा बघत हिंडत होता. पाटलाच्या बैठकीत न जाता तो थेट आपल्या दारात आला. बूट बाहेर काढले, वाकून आत शिरला आणि चुलीजवळच्या पोत्यावर मांडी घालून बसला. "मामा, जरा पाणी द्या हो." आईनं तांब्या पुढे केला. त्यानं तोंड लावून घटाघटा रिकामा केला आणि म्हणाला, "काय गोड पाणी आहे."

तुमचा तेव्हाचा चेहरा मी विसरू शकत नाही. गावातल्या प्रत्येक लग्नात रांजण आपण भरायचे. आपल्या हातचं पाणी सगळं गाव प्यायचं, पण आपल्या घरात बसून कुणी प्यायलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. माशाचा वास येतो म्हणून शाळेचे मास्तरसुद्धा दारातूनच हाक मारायचे. आणि हा साहेब पोत्यावर बसून विचारतो आहे, "मामा, बारा महिने पाणी कुठं टिकतं?" चुलीपाशी बसलेली आई हळूच म्हणते, "आवं, कशाला सांगून राहिलात?" तुम्ही तिच्यावर खेकसता, "गप बस. पानी मागाया आलेल्या मानसाला न्हाई म्हणू का? आपुन भोई हाव." मग तुम्ही जीपमध्ये पुढच्या सीटवर बसता. पाटलाच्या दारावरून जीप जाते तेव्हा मान वळवून बघता. मी मागून पळत नदीवर पोचते, तोवर तुमचा बांबू डोहात उभा आहे आणि तुम्ही ओरडून सांगताय, "चार परस, साहेब! लिवून घ्या!"

साहेबानं लिहून घेतलं. एका तांब्यावर पटलात तुम्ही, आबा. अकरा घरांनी उपाशी राहून जपलेली जागा तुम्ही एका गोड शब्दावर देऊन टाकलीत, आणि त्या रात्री जेवताना खूश होतात.

दोन वर्षांत तिथं जॅकवेल उभी राहिली. पात्रातच सिमेंटची गोल विहीर, वर मोटारी, आणि पाणी आत ओढणारं तोंड डोहाच्या अगदी बुडाशी, म्हणजे एक थेंब मागे राहायला नको. पाइप आपल्या वस्तीला वळसा घालून तालुक्याला गेला. आपल्याला नळ मिळाला नाही. पुढच्या साली पावसानं दडी मारली आणि वैशाखापर्यंत मोटारींनी डोह तळापर्यंत ओढला. मी डिप्लोमाच्या सुट्टीत घरी आलेली. काठावर सगळी वस्ती उभी आहे. चिखलात मरळी तोंड वर करून आ वासताहेत. बाकीचे मासे कधीच मेलेत, पोटं वर, आणि कित्येकांच्या पोटात अंड्यांची गाभोळी. तुम्ही कमरेइतक्या चिखलात उतरलाय आणि जिवंत मरळी घमेल्यात भरून गावच्या विहिरीकडे नेताय. विहिरीवरच्या बायका म्हणाल्या, "इथं नका सोडू, पान्याला वास येईल." तुम्ही भरलेलं घमेलं तसंच डोक्यावर घेऊन परत आलात. तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणाले, "तुम्हीच दाखवलात ना? आता कुठं नेताय?"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मला वाटलं, थोबाडीत बसेल. बसली असती तर बरं झालं असतं. तुम्ही एवढंच म्हणालात, "तालुक्यातली लेकरं तहानली असती तर चाललं असतं का तुला?" मी विचारलं, "आणि आपली?" तुम्ही घमेलं खाली ठेवलंत आणि हात धुवायला पाणी शोधू लागलात.

वस्ती मोडली. कुणी ऊसतोडीला गेलं, कुणी तेलंगणातल्या तळ्यांवर दुसऱ्याची जाळी ओढायला. आणि तुम्हाला काय मिळालं? त्याच जॅकवेलवर मोटार चालवायची रोजंदारी. ज्या हातानं डोह दाखवला त्याच हातानं रोज सकाळी हिरवं बटण दाबायचं. त्या नोकरीवर माझा डिप्लोमा पुरा झाला, हे मला कुणी सांगायला नको. रोज मोटार किती तास चालली ते रजिस्टरात लिहावं लागायचं. तुमच्या जोडीचा माणूस ते लिहायचा. पण तुम्ही त्याच्याकडून दोन शब्द गिरवून घेतले होते: "लाइट नाही." तुमच्या मागे ते जुनं रजिस्टर रद्दीत निघालं तेव्हा मी मागून आणलं. उन्हाळ्याच्या पानांवर रोज दुपारी तुमच्या वाकड्यातिकड्या अक्षरात तेच, लाइट नाही, लाइट नाही. आई म्हणाली, "लाइट असायची गं. ते बटन बंद करून बसायचे. म्हणायचे, मासं जरा दम खाऊ दे." तालुक्यात लोक तुम्हाला शिव्या घालत होते आणि तुम्ही तासाभराचं पाणी चोरून डोहात ठेवत होतात. एवढंच करता आलं तुम्हाला. याचाही मला राग येतो. एवढं कळत होतं तर त्या दिवशी का नाही कळलं?

आता मी पाण्याच्याच खात्यात कनिष्ठ अभियंता आहे. लातूरला राहते. माझ्या नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, त्या दिवशी मी रजा टाकून पिंपं भरते, त्यामुळे तहान काय असते ते मला शिकवू नका. पण आमच्या बैठका तुम्ही बघायला हव्या होत्या. भिंतीवर गोदावरीच्या सगळ्या खोऱ्याचा नकाशा असतो. मांजरा बीडकडून निघते, लातूर ओलांडते, कर्नाटकात जाते, तेलंगणात जाते आणि पुन्हा महाराष्ट्राच्या उंबऱ्याशी येते, आणि वाटेत प्रत्येक जण आपापला वाटा मोजून घेतो. पिण्याचं इतकं, उसाचं इतकं, कारखान्याचं इतकं. माशाचा रकाना त्या तक्त्यात नाही. पाण्याच्या सगळ्यात खालच्या थराला आम्ही मृतसाठा म्हणतो. सगळी नदी जिथं जीव धरून बसते त्याला मृत म्हणणाऱ्यांच्या पंगतीत मी रोज बसते आणि मान डोलावते.

गेल्या महिन्यात मला शिरूर अनंतपाळकडच्या एका गावी पाठवलं. काम तेच, नव्या योजनेसाठी जॅकवेलची जागा. गावात कुणी धड सांगेना. मग मी नदीकाठच्या भोयांच्या घरांकडे गेले. एक म्हातारे भेटले, तुमच्याच वयाचे वाटले, म्हणजे तुम्ही असतात तर. मी विचारलं, बोलणं झालं आणि त्यांनी डोह दाखवला. बांबू बुडवून म्हणाले, "पाच परस हाय, बाई. लिवून घ्या." काठावर परत आल्यावर त्यांनी दबकत विचारलं, "मासं ऱ्हातील ना तेवढे?" मी म्हणाले, "राहतील."

शब्द दिला होता म्हणून मी अहवालात लिहिलं की पाणी ओढणारं तोंड बुडापासून दोन परस वर ठेवावं, खालचं पाणी सोडून द्यावं. मोठ्या साहेबांनी वाचलं आणि हसले. "मॅडम, माशांची नावं मतदार यादीत आहेत का?" केबिनमधले बाकीचेही हसले. मी म्हणाले, "सर, तिथं मासे राहिले नाहीत तर पन्नास माणसं उठून जातील." ते म्हणाले, "आणि टंचाईत दोन परस पाणी दिसत असून देता आलं नाही, तर मोर्चा तुमच्या घरी आणू का?" मग लाल पेननं माझ्या त्या ओळीवर काट मारली. सुधारलेला नकाशा माझ्या टेबलावर ठेवला आहे, उद्या सकाळपर्यंत सही हवी आहे. तोंड बुडाशीच दाखवलं आहे, आपल्या डोहात होतं तसंच. मी सही करणार नाही असं ठरवलं आहे. पण माझी सही नसली तर शेजारच्या टेबलावरची होईल. जागा मीच लिहून दिली आहे, नकाशावर बोट ठेवून, पाच परस असं ठळक अक्षरात.

इतकी वर्षं मला वाटत होतं की तुमच्या जागी मी असते तर असं वागले नसते. पण मला तुमच्या जागी कुणी बसवलंच नाही. मी त्या साहेबाच्या जागी आहे, आणि याचा राग कुणावर काढायचा ते कळत नाही, म्हणून तुमच्यावर काढते आहे.

हे पत्र मी घडी करून तुमच्या रजिस्टरात ठेवणार आहे. पाठवायला पत्ता कुठं आहे? फक्त मघाशी लिहिताना एक गोष्ट मी गाळली, ती लिहून ठेवते. त्या म्हाताऱ्यांच्या दारात मी चपला काढल्या, वाकून आत गेले, चुलीजवळ पोत्यावर बसले आणि म्हणाले, "मामा, जरा पाणी द्या हो." तांब्याला तोंड लावून सगळं प्याले. काय गोड पाणी आहे, असंही म्हणाले. गाडीत माझी बाटली भरलेली होती, आबा. मला तहान लागलेली नव्हती.