सुनेचं नाक

ती. सौ. आईस, इतक्या लांबून वाकून नमस्कार.

मी ठणठणीत आहे. काल एका घरगुती वायनरीत गेले होते. बाबांना म्हण, पोरीने फक्त वास घेतला!

तिथल्या आजोबांना आजारपणानंतर कसलाच वास येत नाही. म्हणून त्यांची सून एकेका लाकडी पिंपाचं बूच काढते, हुंगते आणि त्यांना सांगते.

"पिकल्या तुतीसारखा येतोय. पण मागून जरा आंबूस."

"मग अजून मुरू दे."

मला राहवेना. विचारलं, "आणि हिचं चुकलं तर?"

"चुकेल की," आजोबा म्हणाले. "मी नाक धड असताना कमी चुकलो का?"

सून खुदकन हसली आणि तिने पुढचं बूच काढलं.

तुझे डोळे डॉक्टरांना दाखवलेस का? की हे पत्रही वहिनीच वाचून दाखवतेय? वहिनी, मधलं काही गाळू नकोस हं.

तुम्हा दोघींची,
धाकटी